शेवाळ हे नाव नव्हे

आपल्या मराठीत एक फार आळशी शब्द आहे. शेवाळ. विहिरीच्या पायरीवर पाय घसरला, शेवाळ. सिमेंटच्या टाकीला आतून हिरवं धरलं, शेवाळ. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर मखमल उगवली, तीही शेवाळ (खरं तर ती बहुतेक वेळा मॉस असते, आणि मॉसचं घराणंच वेगळं). कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला दीडशे फुटांपर्यंत वाढणारं केल्प, तेसुद्धा शेवाळच!

बोलायला शब्द ठीक आहे, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हा शब्द निदान म्हणून वापरणाऱ्यांबद्दल. डॉक्टरकडे जावं आणि त्याने तपासून सांगावं, "तुम्हाला आजार झालाय." तेवढंच ज्ञान त्यातून मिळतं.

आता वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरच्या बाईने समुद्री शेवाळावर लिहावं, हे जरा विचित्र वाटेल. वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. पण मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि पुण्यातल्या माझ्या भाच्याने घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे, त्यामुळे समुद्र अधूनमधून माझ्या मोबाइलवर येतो. टाकी म्हणजे साधी सोनेरी माशांची नव्हे. त्यात मोजून मीठ घातलेलं पाणी, झगझगीत दिवे, दगड, दगडांवर पोळ्यासारखे दिसणारे जीव. असला शौक करणाऱ्यांची संख्या मुंबई-पुण्यात बरीच वाढली आहे म्हणे. तर त्या दगडांवर काही महिन्यांनी आपोआप तीन प्रकारची 'झाडं' उगवली. एक हिरवं, पिसासारखं. एक हिरवं, काचेच्या गोट्यांसारखं. आणि एक गुलाबी, पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखं. कुणी लावली नव्हती. दगडाबरोबर बीजाणू किंवा एखादा तुकडा येतो, आणि दिवे-खत मिळालं की वाढतो.

भाच्याने तीन ठिकाणी विचारलं. दुकानदार म्हणाला, "शेवाळ आहे, उपटून फेका." त्याच्या शौकीन मित्रांपैकी एक म्हणाला, "मॅक्रोअल्गी आहे, चांगली असते, राहू दे." (मॅक्रोअल्गी म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारं मोठं शेवाळ, एवढंच.) आणि मोबाइलमधल्या ॲपने फोटो बघून क्षणात लॅटिन नाव दिलं. अगदी ठाम. मग मला विचारलं, "मावशी, यातलं खरं कोण?"

मंडळी, माझं म्हणणं असं की तिघांनीही एकच गोष्ट केली. न बघता बोलले. एकाने मारायला सांगितलं, एकाने वाढवायला सांगितलं, एकाने बारसं केलं. झाड पाण्याबाहेर काढून, बोटात धरून, त्याचं बूड बघायचं काम कुणीच केलं नाही. आणि माझा राग आहे तो यावरच.

आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, कपाशीत काय माजलंय? तो कधीच "गवत" म्हणून थांबणार नाही. तो सांगेल केना आहे, लव्हाळा आहे, हराळी आहे, कुंदा आहे, गाजरगवत आहे. का? त्याला वनस्पतिशास्त्राची आवड आहे म्हणून नव्हे. प्रत्येकाचा इलाज वेगळा म्हणून. केना उपटून बांधावर टाकला तर ओल मिळताच कांड्याकांड्याला मुळं फुटून तो पुन्हा उभा. लव्हाळ्याला जमिनीत गाठी. गाजरगवत फुलोऱ्यावर येण्याआधी काढलं तर फायदा, नंतर काढलं तर आपणच बी पेरतो. आणि तरोटा? तो कोवळा असेल तर सरळ भाजीला. आमच्या शेजारच्या काकांनी मला लहानपणी एका वाक्यात हा सगळा विषय शिकवला होता. "कुंद्याले वरून कापून काय होते? खालून निंगतेच तो!"

हेच शहाणपण काचेच्या टाकीपाशी आलं की कुठे जातं कोण जाणे.

आता बघा, खाऱ्या टाकीत नेहमी उगवणारी चार मंडळी घेऊ.

कीटोमॉर्फा. ताठ, न फुटलेल्या हिरव्या दोऱ्यांचा गुंता, भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासणीसारखा. पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतं. लोक मुद्दाम वेगळ्या कप्प्यात वाढवतात आणि दर पंधरवड्याला मूठभर काढून टाकतात. उपयोगी प्राणी... म्हणजे उपयोगी वनस्पती.

कॉलर्पा. दगडावरून आडवा धागा धावतो, खाली मुळांसारखे तंतू, वर पिसं किंवा द्राक्षाचे मणी. दिसायला या सगळ्यांत देखणं. पण गंमत अशी की हात-दोन हात पसरलेलं ते अख्खं झाड म्हणजे एकच पेशी! आत केंद्रकं असंख्य, पण मध्ये भिंत एकही नाही. कापलं की जखम झटपट बुजवतं आणि तुकड्यापासून नवं सुरू होतं. म्हणजे स्वभावाने आमची हराळीच. शिवाय प्रजननाची वेळ आली की अंगातलं सगळं पाण्यात सोडून देतं. आदल्या रात्री हिरवंगार, सकाळी पांढरं भूत, आणि टाकीचं पाणी गढूळ. छोट्या टाकीत प्राणवायू कमी पडून मासे दगावू शकतात.

ब्रायोप्सिस. हेही पिसासारखं, हिरवंगार, मऊ. फोटोत कॉलर्पाचा धाकटा भाऊ. पण हे पोळ्यांच्या अंगावर चढतं आणि उपटून जात नाही. यासाठी शौकीन लोक फ्लुकोनॅझोल वापरतात, माणसाच्या बुरशीच्या आजारावरचं औषध. ब्रायोप्सिसवर ते पुष्कळदा लागू पडतं. पण हिरवं दिसलं की टाक गोळी, असं केलं तर? नको त्यावर औषध, हवं त्याला अभय.

आणि व्हॅलोनिया, त्या काचेच्या गोट्या. एक गोटी म्हणजे, ढोबळमानाने, एक पेशी. जिवंत जगातल्या सर्वात मोठ्या पेशींमध्ये हिची गणना होते.

चौघेही हिरवे. चौघेही 'शेवाळ'. एकाला वाढवायचं, एकाला कापायचं नाही, एकाला औषध, एकाला हळूच बुडासकट उचलायचं. आता सांगा, दुकानदाराचं "उपटून फेका" हे उत्तर झालं का? आणि मित्राचं "चांगलं असतं, राहू दे" हे तरी?

"अहो पण म्हणून तर ॲप आहे ना!" असं म्हणणारे असतील. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

फोटो म्हणजे चेहरा. शेवाळांच्या जगात चेहऱ्यावर जाणं धोक्याचं. तो गुलाबी कापसाचा गोळा आठवा. तशा गोळ्याला शास्त्रज्ञांनी फाल्केनबर्गिया असं नाव दिलेलं होतं, वेगळी प्रजाती म्हणून. आणि ॲस्पॅरागॉप्सिस नावाचं झुपकेदार लाल शेवाळ ही दुसरी प्रजाती. नंतर कळलं की दोन्ही एकच, आयुष्याच्या दोन अवस्थांतलं! तसंच हॅलिसिस्टिस नावाची हिरवी गोटी आणि डर्बेसिया नावाचे हिरवे केस. कॉर्नमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1938 साली ते वाढवून दाखवून दिलं की गोटीपासून केस होतात. आयुष्य त्यात घालवलेली माणसं चेहऱ्याने फसली, तिथे निळ्या दिव्याखाली काचेतून काढलेल्या फोटोवर आपण नाव ठरवतो. रंग तर विचारूच नका. प्रखर उजेडात 'लाल' शेवाळ पिवळट, तपकिरी, कधी हिरवट दिसतं.

मग ओळखायचं कसं? स्वयंपाकघरातल्या वस्तूंनीही निम्मं काम होतं, आणि हेच मी भाच्याला लिहून पाठवलं.

पहिलं, एक तुकडा गरम पाण्यात बुडवा. तपकिरी कुळातला असेल तर बघता बघता हिरवा होतो, कारण त्याचा तपकिरी रंग उष्णतेने मोडतो आणि खालचं हरितद्रव्य उघडं पडतं. दुसरा तुकडा साध्या गोड्या पाण्यात रात्रभर ठेवा. पाणी गुलाबीसर झालं तर तो लाल कुळातला, त्यांचं लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळतं. दुसरं, तुकड्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर अंगात चुना आहे. हॅलिमेडा असेल, लाल चुनखडी शेवाळ असेल, पडिना असेल. तिसरं, बूड बघा. आडवा धावणारा धागा आहे, की एकाच जागी झुपका, की चकतीसारखी पकड? लोक कायम शेंड्याचा फोटो काढतात, ओळख बुडात असते. चौथं, सूक्ष्मदर्शक. तो जवळच्या कुठल्याही सायन्स कॉलेजात असतो. दोऱ्यात आडव्या भिंती दिसल्या तर कीटोमॉर्फाच्या वाटेने जा. भिंती नाहीत, नुसती नळी, आणि नळीच्या आत घराला टेकू द्यावेत तसे बारीक दांडे आडवेतिडवे दिसले तर कॉलर्पा. नळी आहे पण टेकू नाहीत तर ब्रायोप्सिस किंवा त्याचे भाऊबंद. संपलं भांडण! जे ठरवायला दोन माणसं आणि एक ॲप कमी पडलं ते एका काचपट्टीवर ठरतं.

पाचवं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कुणी करत नाही. नमुना ठेवा. ताटात पाणी घेऊन त्यात जाड कागद सरकवा, कागदावर शेवाळ पसरा, कागद अलगद उचला, वर मलमलचं फडकं टाकून वर्तमानपत्रांत दाबून वाळवा. खाली तारीख, दगड कुठून आणि कधी आला, टाकीत कुठे वाढलं. एवढं लिहा. बोर्गेसेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांवर 1930पासून लेख प्रसिद्ध केले, ते अभ्यासक आजही उघडतात. कारण त्याने नुसती नावं दिली नाहीत, नमुने ठेवले. नाव चुकलं तर पुढचा माणूस नमुना काढून ते दुरुस्त करू शकतो. फोटोवरून ठेवलेलं नाव दुरुस्त कशावरून करणार?

आणि हो, शेवटपर्यंत नाव कळलंच पाहिजे असं नाही. आडनाव कळलं तरी पुष्कळ. "हे कॉलर्पा घराण्यातलं, कोणतं ते ठरलं नाही" हे प्रामाणिक उत्तर आहे. ॲपच्या ठाम उत्तरापेक्षा शंभर पटींनी उपयोगी. आमच्या शिक्षणाने हे बिघडवलं असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हाला सारगॅसम दाखवला तो फॉर्मॅलिनच्या बरणीत, रंग उडालेला. त्याचं नाव पाठ, आकृती पाठ, दहा मार्क पक्के. पण गावच्या तळ्यातून कारा आणून टेबलावर ठेवला तर वर्गातला एकही ओळखणार नाही. नाव माहीत असणं आणि ओळख पटणं, यातला फरकच आम्हाला कुणी शिकवला नाही.

"एका काचेच्या पेटीसाठी एवढा आटापिटा?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर भूमध्य समुद्रात आहे.

कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचं शेवाळ युरोपातल्या मत्स्यालयांत शोभेसाठी ठेवायचे. जर्मनीतल्या स्टुटगार्टमधून ते इतरत्र गेलं, मोनॅकोलाही पोचलं. 1984 साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयाच्या पायथ्याशी, समुद्रात, ते साधारण एक चौरस मीटर दिसलं. एक सतरंजी टाकावी एवढं. माणसाने दोन तासांत उपटून संपवलं असतं. पण मग वाद सुरू झाला. हे मत्स्यालयातून आलंच नाही, तांबड्या समुद्रातून आलं असेल. हे टॅक्सिफोलिया नाहीच, तिथेच आढळणाऱ्या कॉलर्पा मेक्सिकानाने रूप बदललं असेल. हे मत तर 1995 साली शास्त्रीय नियतकालिकात छापूनही आलं. 1998 साली जनुकीय तपासणीने निकाल लागला की समुद्रातलं आणि मत्स्यालयांतलं एकच. तोवर फार उशीर झाला होता. 2000 सालाअखेर स्पेनपासून ट्युनिशियापर्यंत सहा देशांच्या किनाऱ्यांवर सुमारे 131 चौरस किलोमीटर भागात ते पसरलेलं होतं.

आता दुसरी गोष्ट. जून 2000, कॅलिफोर्नियातली आग्वा हेडिओंडा खाडी. पाण्यात उतरलेल्या अभ्यासकांना एक अनोळखी हिरवं पीस दिसलं. त्यांनी "शेवाळ आहे" म्हणून सोडून दिलं नाही. नमुना काढला, तज्ज्ञांना दाखवला, काही दिवसांत नाव पक्कं झालं आणि लगेच त्यावर ताडपत्र्या टाकून आत क्लोरीन सोडणं सुरू झालं. 2006 साली ते पूर्ण गेल्याचं जाहीर झालं. खर्च लाखो डॉलर. पण गेलं! झाड तेच. एका ठिकाणी ओळखीवरून भांडले, दुसऱ्या ठिकाणी ओळख पटवली. एवढाच फरक.

आणि आपल्याकडे? आपल्या उष्ण समुद्रांत टॅक्सिफोलिया मुळातच आहे. म्हणजे जातीचं नाव बरोबर असूनही ते कुठल्या वाणाचं हे विचारावं लागतं. भूमध्यात धुमाकूळ घातला तो टाक्यांमध्ये वाढलेल्या, थंडी सोसणाऱ्या वाणाने. दुसरं उदाहरण कॅपाफायकसचं. हे मूळ फिलिपिन्सकडचं लाल शेवाळ, जेलीसारखा पदार्थ दाट करणाऱ्या कॅराजीननसाठी लावतात. तमिळनाडूत मंडपमला 1990च्या दशकात त्याची समुद्रातली लागवड सुरू झाली, आणि 2008 साली संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये नोंदवलं की कुरुसडाई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर ते चढलंय. व्यापारात याला 'कॉटोनी' म्हणतात (कापसाशी संबंध नाही बरं का!). शास्त्रात मात्र कॉटोनी हे त्याच्या दुसऱ्याच भावाचं नाव.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर हिंगणघाटच्या कुठल्याही कृषी केंद्रात जा. फळीवर 'सी-वीड' अर्काच्या बाटल्या असतात. आमच्याकडे सोयाबीनवर, कपाशीवर फवारतात. मी दुकानात विचारलं, कोणतं सी-वीड? दुकानदार हसून म्हणाला, "समुद्रातलं!" घ्या. उत्तर अटलांटिकमधलं तपकिरी ॲस्कोफिलम आणि तमिळनाडूतलं लाल कॅपाफायकस, दोन्ही सी-वीड. ज्वारी आणि मोहरी दोन्ही 'धान्य' म्हणून एकाच पोत्यात भरली तर हाच शेतकरी भांडेल. 2021 साली केंद्र सरकारने असल्या जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं, म्हणजे आत काय आहे ते सांगणं आलं. पण विचारणाराच नसेल तर सांगणारा कशाला तसदी घेईल?

शेवटचा आक्षेप माझ्याच गावचा. "बाई, इथून नालीत टाकलं तर समुद्रात थोडंच जाणार आहे?" बरोबर आहे. समुद्री शेवाळ गोड्या पाण्यात मरतं. अल्लीपूरच्या नालीतून समुद्राला धोका नाही. पण शौकीन मुंबईत आहेत, गोव्यात आहेत, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि सवय तीच असते. शोभेच्या टाकीतला सकर मासा उजनीच्या जाळ्यांत सापडू लागला तो कुणीतरी "जाऊ दे, पाण्यातच सोडतोय ना" म्हणाल्यामुळेच. जलपर्णीही फुलं छान दिसतात म्हणूनच आपल्याकडे आली. तेव्हा नालीत, खाडीत, समुद्रात काहीही टाकायचं नाही. उन्हात कडक वाळवा, नाहीतर उकळून काढा, मग कचऱ्यात. आणि दगड विकत घेताना तो कुठला हेही विचारा. दगडी प्रवाळ 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आपल्या समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड' हा शौक नव्हे, गुन्हा असू शकतो. दगडाचीच ओळख नाही, तिथे त्यावरच्या झाडाची कुठून पटणार?

असो. भाच्याचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. त्याने कॉलेजातल्या एका ओळखीच्या सरांकडे काचपट्टी नेली. पिसात टेकू निघाले नाहीत. ब्रायोप्सिस घराणं. पुढचं नाव ठरलेलं नाही. गुलाबी गोळा लाल कुळातला, एवढंच नक्की. गोट्या त्याने बुडापासून एकेक उचलल्या. तिघांचे तीन वाळवलेले कागद माझ्याकडे पोस्टाने आलेत, खाली तारखेसकट. ॲपने दिलेलं नाव एकावरही त्याने लिहिलेलं नाही. जागा रिकामी सोडली आहे. पेन्सिलीने.

तुमच्या टाकीत, विहिरीत, धुऱ्यावर अनोळखी काही उगवलं तर एवढंच करा. नाव कळेपर्यंत मारू नका, वाढवू नका, आणि कुठे फेकू तर मुळीच नका. आणि कुणी "काही नाही, शेवाळ आहे" म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा, "कोणतं?"